अमेरिकेचे सोयाबीन की ब्राझीलचे? चिनी गिरणीच्या खरेदीदाराचा हिशेब

चीनच्या शांडोंग प्रांतात रिझाओ बंदराच्या आसपास सोयाबीन गाळणाऱ्या मोठ्या गिरण्या आहेत. अशा खासगी गिरणीच्या खरेदी विभागात बसलेल्या माणसाला वर्षभर एकच प्रश्न सोडवावा लागतो: दीड-दोन महिन्यांनी धक्क्याला लागणारे पुढचे जहाज अमेरिकेत भरून घ्यायचे की ब्राझीलमध्ये? हा आढावा त्याच्या खुर्चीत बसून घेतलेला आहे. जगाच्या व्यापारातील सोयाबीनपैकी सुमारे 60 टक्के माल ज्या देशात उतरतो, त्या देशाचा खरेदीदार निवड कशी करतो हे कळल्याशिवाय या बाजाराचे वागणे उमगत नाही.

आधी गरज पाहू. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत चीनची सोयाबीन निर्यात आयातीपेक्षा जास्त होती. 2000 साली आयात सुमारे 1 कोटी टन झाली, 2010 मध्ये ती साडेपाच कोटी टनांच्या घरात गेली आणि 2024 मध्ये 10.5 कोटी टनांवर पोहोचली. देशातील उत्पादन मात्र 2 कोटी टनांच्या आसपासच राहिले आहे आणि हेइलोंगजियांगसारख्या प्रांतांत पिकणारे ते बिगर-जीएम (जनुकीय बदल न केलेले) सोयाबीन मुख्यतः टोफूसारख्या खाद्यपदार्थांत जाते. बंदरावर उतरणारा माल जवळजवळ सगळा गाळपाचा असतो. शंभर किलो दाण्यातून साधारण 18 ते 19 किलो तेल आणि 78-79 किलो पेंड निघते, म्हणजे आपला खरेदीदार कागदावर सोयाबीन घेत असला तरी प्रत्यक्षात तो डुकरांचे आणि कोंबड्यांचे खाद्य घेत असतो. जगातील जवळजवळ निम्मी डुकरे चीनमध्ये आहेत, हे लक्षात ठेवले की पुढचा हिशेब सोपा जातो.

भावाची पहिली गंमत अशी की दोन्ही देशांच्या मालाचा भाव शिकागोच्या वायदे बाजारातील भावावरच बांधला जातो. करारात पूर्ण किंमत नसते; शिकागोचा अमुक महिन्याचा वायदा अधिक बुशेलमागे (बुशेल हे धान्याचे अमेरिकी माप) इतके सेंट प्रीमियम, अशी भाषा असते. त्यामुळे शिकागो वर गेले की परानाग्वा बंदरातील ब्राझीलचा मालही वर जातो आणि खरेदीदाराला निवड करायची असते ती फक्त प्रीमियम आणि जहाजभाड्याच्या फरकावर. एका टनात 36.74 बुशेल बसतात, म्हणून बुशेलमागे 10 सेंटचा फरक टनाला 3.67 डॉलर होतो आणि 65,000 टनांच्या एका जहाजावर तो सुमारे 2 लाख 39 हजार डॉलर भरतो. दहा सेंटसाठी खरेदीदार रात्री जागा का राहतो, ते या आकड्यावरून ध्यानात यावे.

येथे थोडे आपल्याकडचे. शिकागो तेजीत असताना लातूरचा भाव का हलत नाही, हा प्रश्न आडतीवर नेहमी ऐकू येतो. चीन आपले सोयाबीन नाव घेण्याजोगे विकत घेत नाही. आपल्या बिगर-जीएम दाण्याचा भाव बराचसा पेंडीच्या निर्यातीवर आणि अर्जेंटिना-ब्राझीलमधून येणाऱ्या सोयातेलावर ठरतो. कच्च्या सोयातेलावरील मूळ आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आणण्याचा केंद्राचा मे 2025 मधला निर्णय लातूरकरांच्या दृष्टीने शिकागोच्या एखाद्या तेजीपेक्षा मोठी घटना होती. बीजिंग आणि वॉशिंग्टनच्या भांडणाची झळ आपल्यापर्यंत येते ती अशी तेल-पेंडीच्या आडवाटेने.

आता हंगाम. ब्राझीलची काढणी जानेवारीत माटो ग्रोसो राज्यात सुरू होते आणि दक्षिणेकडे सरकत एप्रिल-मेपर्यंत चालते. अमेरिकेची काढणी सप्टेंबर ते नोव्हेंबर. एके काळी या दोन हंगामांनी वर्षाची सरळ वाटणी केलेली होती: ऑक्टोबर ते फेब्रुवारी अमेरिका, उरलेले महिने ब्राझील. ती वाटणी आता मोडली आहे, कारण ब्राझीलचे पीकच फुगले आहे. 2024-25 च्या हंगामात ब्राझीलने सुमारे 17 कोटी टन सोयाबीन काढले, अमेरिकेने 12 कोटी टनांच्या आतबाहेर. इतका माल असला की तो सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत बंदरावर येत राहतो आणि अमेरिकेच्या हातात वर्षातले जेमतेम तीन-चार महिने उरतात. 2024 मध्ये चीनने ब्राझीलकडून सुमारे 7.5 कोटी टन घेतले आणि अमेरिकेकडून 2.2 कोटी टन. 2016 च्या सुमारास अमेरिकेचा वाटा 40 टक्क्यांच्या जवळ होता, तो 2024 मध्ये 21 टक्क्यांवर आला.

मात्र मोठे पीक म्हणजे सोयीचे पीक असे नाही. माटो ग्रोसोमधील सोरिसो गावाच्या परिसरातून सांतोस बंदर सुमारे 2,000 किलोमीटर दूर आहे आणि या मालाचा मोठा हिस्सा ट्रकने निघतो. अलीकडे उत्तरेचा मार्ग वाढला आहे. बीआर-163 या महामार्गाने मिरितितुबापर्यंत, तेथून बार्जमध्ये (नदीतील सपाट मालवाहू नौकेत) भरून तापाजोस नदीने बार्कारेना बंदराकडे. या रस्त्याचे डांबरीकरण 2020 च्या सुरुवातीला पूर्ण झाले. त्याआधी पावसाळ्यात ट्रक चिखलात दिवसेंदिवस रुतत असत, आणि आजही फेब्रुवारीत मिरितितुबाच्या अलीकडे ट्रकांची किलोमीटरच्या किलोमीटर रांग लागते. शेतकऱ्याकडे साठवणूक अपुरी, त्यातच त्याच शेतात लगेच मक्याचे दुसरे पीक पेरायचे असते, त्यामुळे दाणा काढला की तो रस्त्यावर येतोच. काढणीच्या तोंडावर प्रीमियम घसरण्याचे हे मुख्य कारण आहे आणि चिनी खरेदीदाराची स्वस्त खरेदी त्याच काळात होते. धोकाही त्याच काळात असतो: जहाज नांगर टाकून उभे राहिले की थांबण्याचा दंड रोजच्या रोज चढतो आणि इकडे गिरणी दाण्यावाचून बंद ठेवण्याची पाळी येते.

अमेरिकेची व्यवस्था याउलट आहे. तेथील शेतकऱ्याकडे स्वतःची साठवण टाकी असते, तो भाव पाहून माल सोडतो. इलिनॉय-आयोवाचा दाणा बार्जने मिसिसिपी नदीतून न्यू ऑर्लीन्सच्या परिसरात उतरतो आणि पनामा कालव्यातून चीनकडे जातो. डाकोटाचा दाणा रेल्वेने प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर, कलामा-टकोमाच्या बंदरांत पोहोचतो आणि तेथून तीन आठवड्यांच्या आसपास चीनला लागतो. सांतोसहून निघालेल्या जहाजाला पाच-सहा आठवडे लागतात. भावात अचानक तेजी आली किंवा एखादे जहाज रखडले, तर तीन आठवड्यांत येणाऱ्या मालाची किंमत केवळ भाड्याच्या फरकाने मोजता येत नाही. नदीचा मार्ग मात्र पूर्वीइतका भरवशाचा राहिलेला नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये, ऐन हंगामात, मिसिसिपीचे पाणी विक्रमी खाली गेले, बार्ज अर्धवट भरून सोडावे लागले आणि त्यांचे भाडे गगनाला भिडले. 2023 मध्ये नदीची पातळी पुन्हा घटली आणि त्याच वर्षी दुष्काळामुळे पनामा कालव्यातील रोजच्या जहाजांची संख्याही कमी करावी लागली.

गुणवत्तेत ब्राझील सरस ठरतो, असे माझे मत आहे, पण फार मोठ्या फरकाने नाही. ब्राझीलच्या दाण्यात प्रथिने साधारण एक-दोन टक्क्यांनी जास्त भरतात आणि पेंड प्रथिनांवर विकली जाते, त्यामुळे हा फरक थेट गिरणीच्या गल्ल्यात दिसतो. अमेरिकी निर्यातदारांचे म्हणणे असे की त्यांच्या दाण्यात प्रथिने कमी असली तरी आवश्यक अमिनो आम्लांचे प्रमाण चांगले असते आणि जहाजागणिक दर्जा बदलत नाही. त्यात तथ्य आहे. अमेरिकी दाणा कोरड्या शरद ऋतूत निघतो, टिकतो; त्याचा दोष हा की हाताळताना तो फुटतो आणि काडीकचऱ्याचे प्रमाण वादाचा विषय होते. ब्राझीलचा पहिला माल पावसात काढलेला असतो. ओलावा जास्त असलेला दाणा महिनाभर जहाजाच्या बंद तळघरात तापला की लालसर पडतो, तेल आम्लयुक्त निघते. बाजार समितीत दाण्याची मूठ भरून वास घेणाऱ्या कुणालाही हा दोष समजावून सांगावा लागणार नाही. जानेवारी 2025 मध्ये कीटकनाशकाचा लेप असलेले दाणे आढळल्यावरून चीनने पाच ब्राझिली संस्थांचा माल थांबवला होता, हेही नोंदवायला हवे.

इथवरचे सगळे फरक सेंटांत मोजता येतात. राजकारण तसे मोजता येत नाही आणि माझ्या मते निवडीचा खरा निकाल तेथेच लागतो.

या गोष्टीची सुरुवात चीनपासून झालेली नाही. 27 जून 1973 रोजी, देशातील भाववाढ रोखण्यासाठी, अध्यक्ष निक्सन यांच्या सरकारने सोयाबीनच्या निर्यातीवर अचानक बंदी घातली. ती फार काळ टिकली नाही, पण अमेरिकी दाण्यावर विसंबलेला जपान हादरला आणि त्याने ब्राझीलच्या सेराडो पठारावर शेती उभी करण्यासाठी पैसा व तंत्रज्ञान ओतले. ब्राझीलची कृषी संशोधन संस्था एम्ब्रापा त्याच वर्षी स्थापन झाली आणि तिने उष्ण कटिबंधात तग धरणारी वाणे तयार केली. आज अमेरिकेच्या शेतकऱ्याला ज्या माटो ग्रोसोची धास्ती वाटते, तो मुलूख घडवण्यात वॉशिंग्टनच्या त्या एका सहीचाही वाटा आहे.

2018 चा प्रसंग तर खरेदीदारांच्या स्मरणात पक्का बसला आहे. पीक पेगासस नावाचे जहाज सुमारे 70,000 टन अमेरिकी सोयाबीन घेऊन दालियन बंदराकडे पूर्ण वेगाने धावत होते. 6 जुलै रोजी दुपारी चीनचे 25 टक्के प्रत्याघाती शुल्क लागू झाले आणि जहाज पोहोचले त्यानंतर काही तासांनी. ते महिनाभर पिवळ्या समुद्रात घिरट्या घालत राहिले. माल उतरला तो ऑगस्टमध्ये. कराराच्या दिवशी स्वस्त असलेला माल प्रवासात असतानाच महाग होऊ शकतो, हा धडा त्या एका जहाजाने दिला.

2025 मध्ये तोच खेळ मोठ्या प्रमाणावर झाला. मार्चपासून अमेरिकी मालावरील चीनचे शुल्क चढत गेले आणि सप्टेंबरमध्ये चीनची अमेरिकेतून सोयाबीन आयात शून्यावर आली. नोव्हेंबर 2018 नंतर असे प्रथमच घडले. त्याच महिन्यात अर्जेंटिनाने धान्यावरील निर्यात कर तात्पुरता उठवला, या सवलतीची 7 अब्ज डॉलरच्या निर्यातीची मर्यादा तीन दिवसांत भरली आणि चिनी खरेदीदारांनी तेथे भराभर जहाजांचे सौदे केले. अर्जेंटिना एरवी दाणा स्वतः गाळून पेंड आणि तेल विकणे पसंत करतो, म्हणून या तुलनेत त्याला स्वतंत्र रकाना दिलेला नाही. अशी संधी वर्षाच्या योजनेत धरता येत नाही. 30 ऑक्टोबरला बुसान येथे ट्रम्प आणि शी जिनपिंग यांची भेट झाली. त्यानंतर अमेरिकेने जाहीर केले की चीन आधी 1.2 कोटी टन आणि 2026 पासून तीन वर्षे दरवर्षी किमान 2.5 कोटी टन सोयाबीन घेईल. पण नोव्हेंबरमध्ये शुल्क खाली आल्यावरही अमेरिकी दाण्यावर 13 टक्के शुल्क राहिले आणि ब्राझीलच्या दाण्यावर 3 टक्के. टनाचा भाव 450 डॉलर धरला तर हा फरक 45 डॉलरचा, म्हणजे बुशेलमागे 122 सेंटचा होतो. दहा सेंटांसाठी जागणाऱ्या माणसाने हा आकडा पाहून फाइल मिटावी, यात नवल ते काय. अमेरिकेची खरेदी मुख्यतः कॉफ्को आणि सायनोग्रेन या सरकारी कंपन्यांनी केली. नफा-तोट्याच्या वहीत बसणारी ती खरेदी नव्हती.

मग खासगी गिरणीने अमेरिकेचे नाव कायमचे खोडावे का? तसे करू नये. पर्याय संपला की ब्राझीलचा विक्रेता प्रीमियम चढवतो. 2018 मध्ये आणि 2025 च्या शरद ऋतूत नेमके तेच झाले. शिवाय दीर्घ मुदतीचे करार करताना मागणी अशीच वाढत राहील हे गृहीत धरण्यात धोका आहे. चीनच्या कृषी मंत्रालयाने 2023 मध्ये पशुखाद्यातील सोयापेंडीचे प्रमाण 2025 पर्यंत 13 टक्क्यांखाली आणण्याची योजना काढली. 2017 मध्ये ते 17.9 टक्के होते, 2022 मध्ये 14.5 टक्क्यांवर आले. पेंडीऐवजी कृत्रिम अमिनो आम्ले घालून डुकराचे वजन तितकेच वाढवता येत असेल, तर गिरणीच्या मालकाने पुढच्या पाच वर्षांची गाळप क्षमता ठरवताना ते विचारात घ्यायलाच हवे.

माझ्या हिशेबाने मार्च ते सप्टेंबरचा माल निःशंकपणे ब्राझीलचा घ्यावा आणि त्याचा मोठा भाग काढणीच्या तोंडावर, प्रीमियम खाली असताना बांधून टाकावा, फक्त पहिल्या जहाजांच्या करारात ओलावा आणि डागी दाण्यांच्या अटी कडक ठेवाव्यात. ऑक्टोबर ते जानेवारीसाठी शुल्काचा फरक मिटेपर्यंत ब्राझीलचा उरलेला साठा आणि मिळाल्यास अर्जेंटिनाची जहाजे पुरवून वापरावीत. शुल्क समान पातळीवर आले, तर त्या चार महिन्यांतला निम्मा माल अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरून घ्यावा, मेक्सिकोच्या आखातातून (न्यू ऑर्लीन्सच्या वाटेने) नव्हे. आणि करारात शुल्क बदलल्यास बोजा कोणाचा, हे कलम जहाज भरण्याआधी लिहून घ्यावे.