डीव्हीबी लोकेटर, क्रिड की ईआयडीआर?

लोकल केबल चॅनेलचा संग्रह वाढला की प्रत्येक कार्यक्रमापुढे कोणता ओळख-क्रमांक टाकायचा, हे ठरवावंच लागतं. सोलापुरात आमच्यापुढे तीन पर्याय होते: डीव्हीबी या डिजिटल टीव्हीच्या मानकातला लोकेटर (कार्यक्रम कुठे लागतो त्याचा पत्ता), क्रिड (कार्यक्रमाची स्वतःची खूण) आणि ईआयडीआर (सिनेमा-कार्यक्रमांची जागतिक नोंदणी).

ईआयडीआर मी लगेच बाजूला ठेवला. 2010 पासूनची ही नोंदणी डीओआय या कायमस्वरूपी ओळख-क्रमांकांच्या पद्धतीवर उभी आहे, क्रमांक 10.5240 ने सुरू होतो. सिनेमांचे हक्क घेणाऱ्या-विकणाऱ्यांना ती उपयोगी पडेल. गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, रोजच्या बातम्यांसाठी एवढा खटाटोप मला तरी झेपला नसता.

लोकेटर आयता मिळतो. नेटवर्क, ट्रान्सपोर्ट स्ट्रीम (अनेक चॅनेल एकत्र वाहून आणणारा प्रवाह), सर्व्हिस (चॅनेल), इव्हेंट (कार्यक्रम), चारही आकडे सिग्नलसोबतच येतात. सेट-टॉप बॉक्सला आज रात्रीचं रेकॉर्डिंग लावायचं असेल तर दुसरं काही शोधूच नका.

मला नडलं ते पुनःप्रक्षेपण. अक्षता सोहळा दुपारी थेट दाखवला, तोच रात्री लावला, दुसऱ्या दिवशी सकाळी परत. लोकेटरच्या हिशेबात हे तीन वेगवेगळे कार्यक्रम. दुपारी बघायचा राहिलेल्या माणसाचा फोन येतो, "साहेब, परत कधी लावणार?" आणि यादीत सापडतो तो फक्त दुपारचा, होऊन गेलेला पत्ता. त्यात इव्हेंट क्रमांक 16 बिटांचा, म्हणजे 65,536 आकड्यांतच फिरायचं. जुना आकडा पुढे भलत्याच कार्यक्रमाला लागतो. चॅनेल दुसऱ्या स्ट्रीमवर हलवलं की मधला आकडाही बदलला. शेवटी ही खोलीच्या दारावरची पाटी आहे, आत राहणाऱ्याचं नाव नव्हे.

क्रिड कार्यक्रमाला चिकटतो. टीव्हीची मानकं ठरवणाऱ्या टीव्ही-एनीटाइम मंचाची ही कल्पना, 2005 च्या आरएफसी 4078 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात नोंदलेली. आधी तुमचं डोमेन, पुढे तुम्ही ठरवाल ती खूण. तो कुठे, किती वाजता मिळेल हे वेगळ्या तक्त्यात. तिथे एका क्रिडपुढे तिन्ही लोकेटर बसतात. शिवाय एक क्रिड इतर क्रिडकडेही बोट दाखवू शकतो. त्यामुळे यात्रेचा एक, त्याखाली 68 लिंगांचा तैलाभिषेक, अक्षता, होमप्रदीपन, शोभेचं दारूकाम असे वेगळे, अशी मांडणी आम्हाला करता आली.

कटकट यातही आहे. तो तक्ता तुम्हालाच राखावा लागतो, डोमेन दरवर्षी चालू ठेवावं लागतं, आणि माझ्या पाहण्यातले इथले बॉक्स क्रिडकडे ढुंकून बघत नाहीत. म्हणून बॉक्सपर्यंत जाताना शेवटी लोकेटरच लागतो. ज्यांच्याकडे पुनःप्रक्षेपण जवळपास नाहीच, त्यांनी क्रिडच्या फंदात न पडलेलं कदाचित बरं.

आमच्याकडे मात्र एक बारीक सोय फारच कामी आली. क्रिडमध्ये इंग्रजी लहान-मोठी अक्षरं एकच धरतात, आणि नोंदी करणारा आमचा पोरगा हाताला येईल तसं टाइप करतो.