आठ भागांचा प्लास्टिकचा मेंदू: घ्यावा, पण शेजारी बकऱ्याचा भेजाही ठेवावा

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 मध्ये प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांतली विच्छेदने थांबवायला सांगितली. तेव्हापासून हा प्लास्टिकचा मेंदू वैद्यकीय कॉलेजांबाहेरही हवासा झाला आहे. माणसाच्या मेंदूएवढा आकार, कडक प्लास्टिक, मध्यरेषेत दोन अर्धे आणि प्रत्येक अर्ध्याचे चार तुकडे: फ्रंटल (पुढचा) व परायटल (वरचा) खंड मिळून एक, टेम्पोरल (कानाजवळचा) व ऑक्सिपिटल (मागचा) मिळून दुसरा, मग ब्रेनस्टेमचा (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठाचा) अर्धा आणि सेरिबेलमचा (मागच्या लहान मेंदूचा) अर्धा. नववा तुकडा मिळत असेल तर तो ब्रेनस्टेमच्या पुढून जाणाऱ्या बेसिलर धमनीचा असतो. जास्तीचे पैसे देऊन तो जरूर घ्यावा.

मॉडेलची किंमत वसूल होते ती मध्यछेदावर, म्हणजे मधोमध कापलेल्या पृष्ठभागावर. खऱ्या मेंदूत सुरी मिलिमीटरभर सरकली तरी द्रव वाहून नेणारा अरुंद अ‍ॅक्विडक्ट हातचा जातो आणि सेप्टमचा पातळ पडदा फाटतो. इथे कॉर्पस कॅलोसम (दोन अर्धे जोडणारा तंतूंचा पट्टा), त्याखाली फॉर्निक्स (तंतूंची कमान), थॅलॅमस (मधला गाभा), तिसऱ्या व्हेंट्रिकलमधून (द्रव भरलेल्या पोकळीतून) अ‍ॅक्विडक्टवाटे चौथ्यात जाणारी वाट, हे सगळे एका नजरेत दिसते. पहिल्या वर्षाच्या मुलांना यापेक्षा चांगली सुरुवात नाही.

विकत घेताना मात्र उलटे करून पाहा. चौथी नस, म्हणजे ट्रॉक्लिअर, ब्रेनस्टेमच्या मागून निघणारी एकमेव कपालनस आहे. ती खालच्या कॉलिक्युलसच्या (ब्रेनस्टेमच्या मागच्या उंचवट्याच्या) खालून निघून वळसा घेत पुढे येते. रंगकाम उरकून टाकलेल्या मॉडेलवर ती थेट पुढूनच निघते, किंवा नसतेच. मग सेंट्रल सल्कस (फ्रंटल व परायटल खंडांमधली खाच) तपासा. त्याच्या दोन्ही बाजूंना सलग गायरस (वळ्या) हवेत आणि खाली तो टेम्पोरल खंडावरच्या सिल्व्हियन फटीला सहसा मिळत नाही. या दोन गोष्टी चुकल्या असतील तर बाकीचे न पाहता मॉडेल परत ठेवावे.

मोडतात त्या तुकडे जोडणाऱ्या खुंट्या, आणि त्यातही ब्रेनस्टेमची आधी. तुकडा सरळ ओढायचा असतो. मुले तो पिळून काढतात. तुटलेली खुंटी नुसत्या गोंदाने चिकटवली की सांधा किंचित वर राहतो आणि मग दोन अर्धे नीट मिटत नाहीत. बारीक भोक पाडून धातूची पिन बसवणे बरे. पुसायला साबणाचे पाणी पुरे. अ‍ॅसिटोन लावलात तर आकडे आणि रंग दोन्ही जातील.

मॉडेल कमी पडते ते आतल्या भागात. टेम्पोरल तुकडा काढला तरी हिप्पोकॅम्पस (स्मृतीशी संबंधित भाग) किंवा बेसल गँग्लिया (हालचालींशी संबंधित आतले गाभे) समजतील असे काही हाती लागत नाही. आडव्या-उभ्या चकत्या शिकवायच्या असतील तर हे मॉडेल घेऊ नये. शिवाय ताज्या मेंदूचा मऊपणा प्लास्टिक कधीच सांगत नाही. कवटीत तो द्रवात का तरंगावा लागतो, हे भेजा हातात घेतल्यावरच पटते.

नियमात बसत असेल तर खाटकाकडून मुंडीतला भेजा आणावा. अख्खा हवा असे आधी सांगा, नाहीतर मुंडी मधोमध फोडली जाते आणि तळची रचना जाते. ड्युरा (मेंदूवरचे जाड आवरण) ओढून काढू नका. पिट्युइटरी ग्रंथीचा देठ तिथेच तुटतो. कात्रीने कापत जा. टिकवण्यासाठी बाजारातल्या फॉर्मलिनचा (पाण्यातल्या फॉर्मल्डिहाइडच्या द्रावणाचा) एक भाग आणि पाणी नऊ भाग घ्या. वजन शंभर-सव्वाशे ग्रॅमच असते, तरी द्रव किमान दहापट, म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास हवा. तळाशी कापूस घाला, नाहीतर भेजा बसतो आणि एक बाजू चपटी होते. दुसऱ्या दिवशी द्रव बदला, आठ-दहा दिवस ठेवा, मग रात्रभर वाहत्या पाण्यात धुवा. घाई केली तर बाहेरून घट्ट आणि आत गुलाबी, लिबलिबीत राहतो; चकती पडतच नाही. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे, म्हणून हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा यांना पर्याय नाही. फॉर्मलिनने प्रिऑन (मेंदूचे रोग पसरवणारी प्रथिने) मरत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

दोन्ही मेंदू शेजारी ठेवल्यावर खरा धडा सुरू होतो, आणि गोंधळही. माणसाचा मेंदू मिडब्रेनपाशी (ब्रेनस्टेमच्या वरच्या भागापाशी) जवळजवळ काटकोनात वळलेला असतो. बकऱ्याचा बराचसा सरळ. म्हणून सेरिबेलम मॉडेलमध्ये खाली आणि भेज्यात मागे दिसते. बकऱ्याचे ऑल्फॅक्टरी बल्ब (वासाचे गोळे) ठसठशीत, वरचे कॉलिक्युलस खालच्यांपेक्षा मोठे. पॉन्स (ब्रेनस्टेमचा मधला फुगवटा) लहान, त्यामुळे माणसात झाकला जाणारा ट्रॅपिझॉइड बॉडीचा (श्रवणाच्या आडव्या तंतूंचा) पट्टा इथे उघडा पडतो. मुले त्यालाच पॉन्स म्हणतात. पिरॅमिड (ब्रेनस्टेमच्या पुढच्या बाजूचे दोन उभे उंचवटे) बारीक असतात, कारण बकऱ्यात कॉर्टेक्समधून (मेंदूच्या बाहेरच्या थरातून) मज्जारज्जूकडे जाणारे तंतू मानेच्या पुढे फारसे जात नाहीत. बोटे चालवणाऱ्या माणसात तेच तंतू थेट कमरेखालच्या भागापर्यंत पोचतात.

रक्तवाहिन्यांबाबत मात्र भेजा साफ फसवतो. मॉडेलवर दोन इंटर्नल कॅरोटिड आणि दोन व्हर्टिब्रल धमन्या मेंदूच्या तळचे विलिसचे वर्तुळ (धमन्यांचे कडे) भरतात. मोठ्या बकऱ्यात कवटीबाहेरची इंटर्नल कॅरोटिड बुजलेली असते. रक्त मॅक्सिलरी (जबड्याकडच्या) धमनीतून पिट्युइटरीभोवतीच्या बारीक धमन्यांच्या जाळीत येते. तिथे नाकाकडून परतणाऱ्या थंड रक्तामुळे ते निवते आणि मग मेंदूत शिरते. बेसिलरमधला प्रवाहही मागच्या दिशेने असतो, माणसाच्या उलट. म्हणून स्ट्रोक शिकवताना भेजा बाजूला ठेवावा आणि मॉडेलचा तो नववा तुकडा हातात घ्यावा.

पांढऱ्या भागातले तंतू उलगडून दाखवायचे तर प्लास्टिक कुचकामी. 1935 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या क्लिंगलर या शरीररचनातज्ज्ञांनी मांडलेली युक्ती भेज्यावरही चालते: फॉर्मलिनमध्ये मुरलेला मेंदू धुऊन आठवडाभर उणे 10 ते 15 अंशांवर गोठवायचा. बर्फाचे कण तंतूंमध्ये जागा करतात. वितळल्यावर लाकडाच्या बोथट काडीने तंतू दोऱ्यासारखे सुटत जातात. कॉर्टेक्स मात्र आधी खरवडून काढा, आणि काडी नेहमी तंतूंच्या दिशेनेच चालवा.