भांगेच्या सोललेल्या बिया: चव उत्तम, वेष्टनावरचा दावा मात्र चुकीचा

लक्ष्मीपुरीतील एका दुकानातून गेल्या महिन्यात मी भांगेच्या सोललेल्या बियांचे पाव किलोचे पाकीट आणले. घरातील ज्येष्ठांनी नाव वाचताच ते देवघराजवळच्या फडताळात ठेवू दिले नाही, म्हणून आधी कायद्याचे सांगतो. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाची व्याख्या फुलोऱ्याच्या शेंड्यांपुरती आहे आणि शेंड्यांशिवायचे बी तीतून वगळलेले आहे. अन्न म्हणून या बियांना 2021 मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मान्यता दिली, तेव्हा नशा आणणाऱ्या टीएचसी या घटकाची कमाल मर्यादा किलोमागे 5 मिलिग्रॅम ठरवली. ज्या खसखशीवाचून आपला पांढरा रस्सा होत नाही, तीही अफूच्याच बोंडातली असते, हे सांगितल्यावर घरातला विरोध मावळला.

माझी खरी तक्रार वेष्टनावरच्या ओळीबद्दल आहे. ‘फळांच्या सुगंधाच्या संकरित वाणापासून’ असे तेथे छापले आहे. भांगेच्या काही संकरित वाणांना आंब्यासारखा किंवा लिंबूवर्गीय फळांसारखा वास येतो, हे खरे. त्यामागे मिर्सीन, लिमोनीन यांसारखी सुगंधी द्रव्ये असतात आणि मिर्सीन तर आंब्यातही सापडते. परंतु ही द्रव्ये मादी झाडाच्या फुलोऱ्यावरील बारीक राळग्रंथींत तयार होतात, बियांच्या गरात नाही. शिवाय भांगेत नर आणि मादी झाडे बहुधा वेगळी असतात; सुगंधी फुलोऱ्यासाठी लागवड करणारे परागीभवन टाळण्यासाठी नर झाडे वेळीच उपटून टाकतात, त्यामुळे त्या पिकात बी जवळजवळ धरतच नाही. बियांसाठी पेरलेल्या शेतात मात्र नर झाडे मुद्दाम राखावी लागतात, आणि फलन झालेले झाड आपली शक्ती राळेऐवजी दाणा भरण्यात घालते. एकाच पिकातून फळांचा घमघमाट आणि भरघोस दाणा, दोन्ही देऊ पाहणारी ती ओळ ग्राहकाची दिशाभूल करते, आणि ती काढून टाकावी असे मी दुकानदारांना सांगून आलो.

दाण्याविषयी मात्र माझे मत चांगले आहे. तो मऊ, फिकट पिवळसर असून त्यावर हिरवट झाक आहे, आणि चव ओल्या अक्रोडाजवळ जाते. पांढऱ्या रश्श्यात निम्म्या खसखशीच्या जागी तो भिजवून, तीळ आणि काजूबरोबर अगदी बारीक वाटून घातला, तेव्हा रस्सा दाट आणि गुळगुळीत झाला. फक्त रंगात किंचित हिरवट छटा उतरली, जी पाहुण्यांसमोर वाढताना काहींना खटकेल. चटणीत तो एकटा फिका पडतो. कारळ्याला जो खमंगपणा आहे तो त्याच्यात नाही, म्हणून लसूण आणि सुक्या मिरचीचे प्रमाण वाढवावे लागले. कुमाऊँ-गढवालकडे भांगेची चटणी करतात ती सालासकट भाजलेल्या बियांची, आणि सालाचा तो भाजका, मातकट स्वाद सोललेल्या दाण्यातून मिळणे शक्य नाही.

पोषणाच्या दृष्टीने सोललेल्या दाण्यात 100 ग्रॅममागे सुमारे 30 ग्रॅम प्रथिने असतात, हे शेंगदाण्यापेक्षा थोडे अधिकच आहे. ओमेगा-3 साठीच घ्यायचे असेल, तर जवस त्याहून सरस आणि कितीतरी स्वस्त आहे.

एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. सालासकट बी आणले असेल, तर उरलेले दाणे हौसेने कुंडीत पेरू नयेत. उत्तराखंडात 2018 पासून कमी टीएचसीच्या औद्योगिक भांगेला परवान्याने लागवडीची मुभा आहे, पण आपल्याकडे विनापरवाना एक रोप लावणेही गुन्हा ठरते. सोललेला दाणा तेलकट असल्यामुळे उन्हाळ्यात लवकर खवट होतो, तेव्हा पाकीट फोडल्यावर ते घट्ट झाकणाच्या बरणीत घालून फ्रीजमध्येच ठेवावे.