सागाची तोड: एकदम की निवडून?

उदयनगरकडच्या आमच्या जमिनीवर सागाची दीडेकशे झाडं आहेत. मावसभाऊ इंदूरला आला की एकच विषय: "ताई, सगळा साग एकदम काढू की निवडून? चितळं येतात, ती जायला नकोत."

पैसा बघितला तर एकदम तोडीत रक्कम एकरकमी हातात येते, मजूर आणि ट्रकही एकदाच. पण बारीक सागात पक्कं लाकूड कमी, भावही कमी. निवडून काढताना वाकडी, दबलेली झाडं आधी जातात आणि सरळ बुंधे जाड व्हायला राहतात. परवानगी आणि टीपी (लाकूड वाहतुकीचा परवाना) मात्र प्रत्येक खेपेला. ही दगदग खरीच.

चितळांचं गणित वेगळं. त्यांना कोवळं गवत हवं आणि जवळच आडोसाही. सगळं मोकळं केलं तर गवत भरपूर येतं, पण उन्हाळ्यात सावली नाही, लपायला जागा नाही. रिकाम्या जागेत घाणेरीही घुसते. निवडक तोडीत उजेडाचे तुकडे पडतात, तिथे गवत उगवतं. मोहाला तर हात लावूच नये: चैत्रात पहाटे फुलांचा सडा पडतो आणि चितळं माना खाली घालून एकेक फूल वेचतात. तेंदू, बोर, आवळाही राखावा.

सागाचं खोड जमिनीलगत कापलं की धुमारे फुटतात, हे दोन्हीकडे सारखंच.

लग्न किंवा कर्ज डोक्यावर असेल तर एकदम तोड, तीही ओढ्याकाठची झाडं सोडून. घाई नसेल तर निवडून. भावाला मी निवडूनच काढायला सांगितलंय.