क्लॅमएव्ही: फुकट आहे, फक्त रॅम देताना हात आखडता घेऊ नका

बेलापूरला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसचा मेल सर्व्हर मी बघतो. मेल घ्यायला-पाठवायला पोस्टफिक्स, त्यामागे प्रत्येक मेल तपासणीला देणारा अमाविस आणि स्कॅनिंगला क्लॅमएव्ही हा अँटीव्हायरस, लायसन्सचा एक रुपया नाही. न्हावा शेवाचं काम म्हटलं की दिवसभर इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ एंट्री सगळं अटॅचमेंटमधूनच येणार, आणि व्हायरसवाले पण नेमके इन्व्हॉइस नावानेच फाईल पाठवतात, त्यामुळे स्कॅनरशिवाय चालतच नाही. माझ्याकडून साडेतीन स्टार. दीड स्टार का कापले ते सांगतो.

पहिलं कारण रॅम. क्लॅमडी, म्हणजे क्लॅमएव्हीचा कायम चालू राहणारा स्कॅनर, सगळ्या सिग्नेचर (व्हायरस ओळखायच्या खुणा) मेमरीत घेऊन बसतो, नुसता बसला तरी १ जीबीच्या वर खातो. आणि फ्रेशक्लॅमने (अपडेट आणणारा प्रोग्रॅम) सिग्नेचरचा नवीन डेटाबेस आणला की जुना तसाच ठेवून नवा शेजारी लोड करतो, स्कॅनिंग थांबू नये म्हणून, म्हणजे तेवढ्या वेळापुरती डबल मेमरी. आमचा व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) २ जीबी रॅमचा होता. मग काय, ऐन दुपारी अकाउंट्समधून फोन, "अहो, पार्टी लाईनवर आहे, मेल टाकलाय म्हणते, इकडे काहीच नाही!"

क्लॅमडीचा लॉग उघडला तर शेवटची ओळ डेटाबेस वाचतोय एवढीच, पुढे एरर नाही, काही नाही. एरर येणार कशी, मेमरी संपली म्हणून कर्नलने (लिनक्सचा गाभा) प्रोसेस जागेवर मारलेली असते, बिचाऱ्याला लिहायलाही वेळ मिळत नाही. ते कर्नलच्या लॉगमध्ये सापडतं, डीमेसेज (dmesg) कमांड मारा आणि 'आउट ऑफ मेमरी' शोधा. त्यात अजून गंमत म्हणजे क्लॅमडी मेला की अमाविस बॅकअप म्हणून क्लॅमस्कॅन (दर वेळी नव्याने सुरू होणारा स्कॅनर) चालवतो आणि तो प्रत्येक मेलला अख्खा डेटाबेस नव्याने लोड करतो, मग सर्व्हर असा रांगायला लागतो की लोक हार्ड डिस्क गेली समजतात. बरं, मेल हरवत नाही हे खरं, पोस्टफिक्सच्या क्यूमध्ये पडून राहतो (डीफॉल्ट ५ दिवस), क्लॅमडी उभा केला आणि क्यू फ्लश केली की सगळं धडाधड येतं. पण कंटेनर पोर्टात अडकलेल्या माणसाला हे सांगून बघा!

उपाय दोन. एकतर ४ जीबी रॅम घ्या, आम्ही शेवटी तेच केलं. नाहीतर क्लॅमडीच्या कॉन्फिगमध्ये 'कॉनकरंट डेटाबेस रीलोड' नो करा, मग रीलोड होईपर्यंत स्कॅनिंग थांबतं, मेल थोडा उशिरा येतो, छोट्या ऑफिसात कुणाला कळतही नाही.

दुसरं कारण परमिशन. हाताने क्लॅमस्कॅन चालवला तर सगळं ओके आणि मेल मात्र अडकतोय असं झालं तर समजायचं की तुम्ही रूट (सगळे अधिकार असलेला युजर) आहात आणि क्लॅमडी नाही. डेबियन-उबंटूवर क्लॅमडी स्वतःच्या 'क्लॅमएव्ही' युजरने चालतो, अमाविसच्या फाईली त्याला वाचता येत नाहीत, त्याला अमाविसच्या ग्रुपमध्ये टाकून रीस्टार्ट केलं की काम झालं. इन्स्टॉल करतानाच हे का होत नाही देव जाणे.

आता पासवर्डवाल्या फाईली. झिपला पासवर्ड असेल तर आत बघता येत नाही, आणि डीफॉल्टला तो अलर्टही देत नाही, सरळ सोडून देतो. म्हणून लोक 'अलर्ट एन्क्रिप्टेड' सरसकट चालू करतात, आणि मग बँकेची स्टेटमेंटं बंद, कारण त्या पीडीएफना पासवर्ड असतोच! फक्त आर्काइव्हवालं ऑप्शन चालू करा, डॉक्युमेंटवालं बंदच राहू द्या.

बाकी प्रॉडक्ट जुनं आणि भरवशाचं आहे, २००७ मध्ये सोर्सफायरने घेतलं, २०१३ पासून सिस्कोकडे, अपडेट नियमित येतात. फक्त एकाच आयपीवरून दहा मशीन सारख्या डाऊनलोड मारायला लागल्या तर क्लॅमएव्हीचा अपडेट सर्व्हर तुम्हाला काही काळ ब्लॉक करतो, आणि फार जुनं व्हर्जन असेल तर दारातूनच परत पाठवतो. अगदी ताज्या व्हायरसच्या बाबतीत पैसेवाल्या स्कॅनरच्या मागे पडतो हे मान्य, म्हणून डेस्कटॉपवरचा अँटीव्हायरस आम्ही काढलेला नाही.

सेटिंगला हात लावला की आयकारची टेस्ट फाईल बाहेरच्या अकाउंटवरून स्वतःलाच पाठवा, ६८ बाईटची निरुपद्रवी फाईल आहे, अँटीव्हायरसने ती व्हायरस म्हणून पकडायचीच असते. इनबॉक्समध्ये पोचली तर क्लॅमडी चालू दिसत असला तरी मेल त्याच्याकडे जातच नाहीये, अमाविसचा लॉग उघडा.