व्हर्निअर, पत्र्याचं गेज की टर्नरकडचा ठोकळा?

मॉडेल रेल्वेची गाडी सरळ रुळावर झकास धावते, पण सांध्यावर (एका रुळातून दुसरा रूळ फुटतो तिथे) आली की तोच एक डबा घसरतो. मग काहीतरी मोजायला हवं हे कळतं, पण कशाने मोजायचं ते ठरत नाही.

आधी काय मोजायचं ते पाहू. एचओ मापात (१:८७) रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर १६.५ मिमी असतं आणि ब्रिटिश ओओ (१:७६) गाड्याही याच रुळावर धावतात. सगळ्यांची नजर याच आकड्यावर जाते, पण कारखान्यातून तयार आलेल्या रुळात तो सहसा ठीकच असतो. संशय घ्यावा तो चाकांवर. एका धुऱ्यावरच्या दोन चाकांच्या पाठींमधलं अंतर साधारण १४.४ मिमी हवं. ते कमी पडलं तर चाकं चेक रेल (सांध्यात चाकाला आतून ओढून धरणारा जादा रूळ) आणि समोरची विंग रेल (रूळ छेदतात तिथला वाकवलेला रूळ) यांवर आवळतात आणि वर उचलली जातात. जास्त झालं तर चेक रेल चाकाला पुरेसं ओढून धरत नाही आणि पलीकडची फ्लँज (चाकाची बाहेर आलेली कड) फ्रॉगच्या, म्हणजे रूळ छेदतात तिथल्या व्ही-आकाराच्या तुकड्याच्या, टोकावर आदळते. दोन दशांश मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी पुरे.

डिजिटल व्हर्निअर (सरकत्या जबड्यांचं मोजमापाचं साधन) हे अंतर ०.०१ मिमीपर्यंत दाखवतो, म्हणजे चूक किती आहे हे कळतं. हा त्याचा मोठा गुण. आतलं माप घेणारे छोटे जबडे दोन्ही फ्लँजच्या पाठींना टेकवायचे, किंचित हलवायचे आणि सगळ्यात कमी आलेला आकडा धरायचा, कारण जबडे तिरके बसले की माप जास्त येतं. चाक फिरवून तीन ठिकाणी मोजा. आकडे बदलले तर चाक डुगडुगतंय. इंजिनात मात्र व्हर्निअर हात टेकतो. मध्ये गिअर, बाजूला साच्याची चौकट, जबडे शिरायला जागाच नसते. सांध्यातल्या फटीतही तेच रडगाणं.

तिथे पत्र्याचं गेज सरस. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या (स्थापना १९३५) मानकांवर बेतलेली ही सपाट पट्टी, प्रत्येक मापासाठी वेगळी. तिच्या खाचा आणि दात रूळ, चाकं, चेक रेलची फट सगळं तपासतात. बाह्याकृती बोगद्यातून किंवा फलाटाशेजारून गाडी जाईल का तेही सांगते. पण उत्तर फक्त ‘बसतं’ किंवा ‘बसत नाही’. जुन्या ब्रिटिश डब्यांची जाड फ्लँजची चाकं तिच्यात नापास होतात, म्हणून ती चाकं लगेच फेकू नका. त्याच काळातल्या रुळांवर ती बिनघोर चालतात. आणि धातूची पट्टी रुळावर टेकवण्याआधी वीज बंद करा, नाहीतर शॉर्ट ठरलेला.

तिसरा पर्याय नाशिककरांच्या हाताशी आहे. सातपूर किंवा अंबड एमआयडीसीत ओळखीचा टर्नर असेल, तर धुऱ्यासाठी खाच असलेले पितळेचे दोन ठोकळे करून घ्या, एक १४.३ आणि एक १४.५ मिमीचा. पहिला चाकांमध्ये शिरला पाहिजे, दुसरा शिरता कामा नये. गो–नो गो म्हटलं की टूलरूममधल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. जमलं तर १४.४ चा तिसराही घ्या: तो मध्ये धरून चाकं हळूहळू पिळत त्याच्याशी भिडवली की मोजणी आणि दुरुस्ती एकाच खेपेत होते. हे काम ना व्हर्निअर करतो, ना पट्टी.

तयार रूळ आणि तयार सांधे वापरत असाल तर व्हर्निअर आणि ठोकळे घ्या, पट्टीचे पैसे वाचवा. सांधे स्वतः बांधणार असाल तर पट्टी आधी, कारण चेक रेलची फट नजरेने जुळत नाही. एन मापाचे (९ मिमी) रूळ असतील तर माझं मत पट्टीकडेच झुकतं. तिथे सगळंच इतकं बारीक की जबडे धरताना हाताची थरथर आकड्यात उतरते.

एक अपवाद. नाशिकरोडवरून धावणारी गाडी हुबेहूब करायचा हट्ट असेल, तर आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिमी भागिले ८७ म्हणजे सुमारे १९.३ मिमी होतात. दुकानातली भारतीय इंजिनांची एचओ मॉडेल्स १६.५ वरच धावतात, त्यामुळे १९.३ चा रूळ टाकलात तर एचओची तयार पट्टी निरुपयोगी. मग व्हर्निअर घ्यायचा, माप स्वतः ठरवायचं आणि ठोकळ्यांसाठी अंबड गाठायचं.