डॅशहाऊंडसाठीचा घडीचा रॅम्प : पाचपैकी अडीच तारे

आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनच्या पोरांना शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. "आधी माप, मग पैसे" हे वाक्य मी वर्गात किती वेळा म्हटलं असेन याला गणती नाही. आणि हा रॅम्प, म्हणजे कुत्र्यांना दिवाणावर चढाय-उतरायची तिरकी फळी, मी माप न बघता मागवला. घाई होती, दुसरं काय.

आमच्याकडे दोन डॅशहाऊंड आहेत, लांब पाठीची, आखूड पायांची कुत्री. सुतळी आठ वर्षांची, काळी, भुवयांवर तांबूस ठिपके, वजन सव्वानऊ किलो. बेदाणा तीन वर्षांचा, तांबडा, सात किलो. सांगलीत राहून कुत्र्याचं नाव बेदाणा ठेवलं नाही तर कुठं ठेवायचं? सुतळीचं नाव तिच्या लांबीवरून पडलं असं सगळ्यांना वाटतं, पण ते सुतळी बॉम्बवरून आहे. नवा दूधवाला पंधरा दिवस गेटबाहेरूनच पिशवी टाकून जायचा. आत अल्सेशियन आहे अशी त्याची समजूत होती. एक दिवस गेट उघडं राहिलं आणि ही बाहेर आली, तेव्हा त्यानं आधी तिच्या मागं बघितलं, मोठं कुत्रं अजून यायचंय म्हणून.

गेल्या मार्चमध्ये सुतळी सकाळी उठली आणि दिवाणाखालीच उभी राहिली. वर येईना. बायकोनं उचलायला हात लावला तर किंचाळली. मिरजेच्या डॉक्टरांनी पाठीवरून बोट फिरवलं, मागचे पंजे उलटे टेकवून बघितले आणि पाच आठवडे पिंजऱ्यात ठेवा म्हणाले. शी-शूला तेवढं पट्टा लावून बाहेर, उड्या कायमच्या बंद. या जातीचं दुखणंच ते. पाय आखूड करणाऱ्या एका जनुकाची जादा प्रत यांच्यात असते आणि तीच मणक्यांमधल्या चकत्या लवकर कडक करते, हे २०१७ मध्ये संशोधकांनी दाखवलं. म्हणजे ज्या ठेंगणेपणावर आपण भाळतो, त्याची किंमत यांची पाठ देते. उचलायचंही आम्ही तेव्हाच शिकलो. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ तराजूच्या दांडीसारखी आडवी. त्याआधी आठ वर्षं आम्ही तिला बगलेत धरून पिशवीसारखी उचलत होतो. आठवलं की अजून कसंतरी होतं.

तर रॅम्प. ऑनलाइन, ४,२०० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशा चार-पाच कंपन्या एकच माल वेगवेगळ्या खोक्यांत घालून विकतात असा माझा संशय आहे. एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची फळी, वर पातळ कार्पेट, मागं घडीचा पाय, उंचीच्या चार खाचा. खोक्यावर "जर्मन डिझाइन" आणि "डॅशहाऊंडसाठी खास, फक्त १८ अंशांचा चढ". मुलगी म्युनिकला असते, तिला फोटो पाठवला. ती म्हणाली, "बाबा, यात जर्मन फक्त कुत्री आहेत." ती दोघंही जन्मली कोल्हापुरात.

रॅम्प जोडला, दिवाणाला लावला आणि सुतळीनं खालून वर एकदा बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. डॅशहाऊंड पाळणाऱ्यांना ही नजर ठाऊक असेल. तिच्यात भीती नसते, "तुम्हीच आधी चढून दाखवा" असं काहीतरी असतं. तेव्हा कुठं मी कंपासपेटी काढली.

फळीची लांबी १०० सेंटिमीटर. आमचा दिवाण ४८ सेंटिमीटर उंच. कोन भरला २९ अंश. खोक्यावरचे १८ अंश खोटे नाहीत, पण ते सगळ्यात खालच्या खाचेला, ३० सेंटिमीटरवर. तीस सेंटिमीटर उंचीचा दिवाण कुणाच्या घरी असतो? आमच्या ओळखीत कुणाकडं नाही. ४८ वर १८ अंश पाहिजेत तर फळी १५५ सेंटिमीटरची लागते. दहावीच्या पोराला येईल असं गणित, आणि कंपनीत ते एकालाही मांडावंसं वाटलं नाही.

बाकीचं पटकन सांगतो. वजन पेलण्याबद्दल तक्रार नाही, तीस किलोचं गव्हाचं पोतं ठेवून बघितलं, हूं की चूं नाही. खालच्या रबरी टोप्या मात्र आमच्या मोझॅक फरशीवर सरकतात. बाजूला काठ नाही. कार्पेट इतकं गुळगुळीत की नखं रुततच नाहीत. आणि जुलैत ओल्या पंज्यांनी ये-जा झाल्यावर खालची कड पापडासारखी फुगली. एमडीएफ आणि पावसाळा यांचं जमत नाही, हे बिजागरीच्या ढिल्या झालेल्या स्क्रूंनीही सांगितलं.

बेदाण्याला मात्र रॅम्प पहिल्या दिवसापासून आवडला. तो वर चढला नाही, खाली शिरला. बायकोनं टाकायला काढलेली गोधडी ओढत आत नेली, नाकानं चार घड्या घातल्या आणि फक्त शेपटी बाहेर ठेवून झोपला. डॅशहाऊंड हे नाव जर्मन, त्यातला डाक्स म्हणजे बिज्जू. त्याच्या बिळात घुसून त्याला बाहेर काढायला ही जात घडवली. सांगलीत बिज्जू कुठून आणायचा, म्हणून तो तुळशीच्या कुंडीत, उशीच्या अभ्र्यात आणि पाहुण्यांच्या बॅगेत बीळ शोधत असतो. एकदा साडूंच्या बॅगेत सापडला, जयसिंगपूरच्या भडंगाच्या फोडलेल्या पिशवीसकट.

शेवटी रॅम्प स्कूटरवर आडवा टाकून विश्रामबागला माझ्या जुन्या विद्यार्थ्याच्या सुतारखान्यात नेला. त्यानं उलटासुलटा करून बघितला.

"सर, हे कुणी केलंय?"

"कंपनीनं."

"कंपनीनं कुत्रं बघितलंय का?"

त्यानं पुढं ५५ सेंटिमीटरची प्लायची फळी जोडली, बिजागरीचे स्क्रू काढून आरपार नट-बोल्ट घातले, दोन्ही बाजूंना बोटभर उंचीच्या सागवानी पट्ट्या मारल्या आणि कार्पेट उचकटून काथ्याचं पायपुसणं चिकटवलं. सामानाचे साडेसहाशे घेतले. मजुरी घेईना. गुण्या लावून काटकोन तपासताना माझ्याकडं बघून हसला, कारण हे न करणाऱ्यांना मी उभं करायचो.

नंतरची शिकवणी पाच दिवसांची. भाकरीचे तुकडे वीत-वीत अंतरावर मांडले. बेदाणा पहिल्या संध्याकाळी वर. सुतळीनं पहिले तीन दिवस रॅम्पशेजारून चालत जाऊन मान वर करून तुकडे खाल्ले, कारण चढण्याची गरजच काय? चौथ्या दिवशी मी बाजूनं पाट उभा केला. ती बसली. वीस मिनिटं बसली. मी पेपर वाचतोय असं दाखवलं, तेव्हा चढली. आपण बघत असताना ऐकायचं नाही, एवढंच तिचं तत्त्व आहे. आता उतरतेही नीट, पण शेवटच्या वीतभर अंतरावर एक छोटी उडी मारतेच. डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणाले, एवढं चालेल.

मुलीनं मध्ये वाल्डीचं चित्र पाठवलं होतं. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकचा शुभंकर, तो रंगीत पट्ट्यांचा डॅशहाऊंड. तेव्हा मॅरेथॉनचा मार्गसुद्धा याच कुत्र्याच्या आकारात आखला होता म्हणे. आखणी करणाऱ्यानं आधी कुत्रं नीट बघितलं असणार. ते चित्र मी सुताराला दाखवलं, त्यानं दुकानात लावलंय.

तारे अडीच. दोन मजबुतीला आणि घडी होते म्हणून, अर्धा बेदाण्याच्या शिफारशीवरून. दिवाण किंवा सोफा फुटापेक्षा उंच असेल तर हा घेऊ नका, ओळखीच्या सुताराकडून दीड मीटरची फळी करून घ्या. स्वस्त पडेल. जागा मात्र आधी मोजा. आमचा आता जमिनीवर जवळजवळ पाच फूट पसरतो आणि खालचं बीळही त्या मानानं ऐसपैस झालंय, त्यामुळं दुपारी दोघंही वर न जाता तिथंच झोपतात. कपाटाचं एकच दार उघडतं. माझे स्वेटर दुसऱ्या बाजूला आहेत, आणि हिवाळा सुरू झालाय.